राहून गेलेली दुरुस्ती

बातमी किसनने आणली. सकाळचे साडेअकरा वाजले होते, तालुक्यांहून आमच्या वृत्तपत्राकडे आलेलं टपाल टेबलावर पसरलं होतं. सायकल भिंतीला टेकवून तो आत आला, समोर उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर गेले. च्या घेतला, खुर्चीत बसले, आन् गेले." मग थोडं थांबून म्हणाला, "तरास न्हाई झाला." तेवढं एक बरं झालं, असं दोघांच्याही मनात एकदमच आलं असावं. मी कागद ओढून चार ओळी लिहिल्या. श्रीधर वाळिंबे, मूळचे साताऱ्याचे, सांगलीच्या एका मुलींच्या शाळेतले निवृत्त संगीतशिक्षक, व्हायोलिनवादक, मागे पत्नी आणि एक विवाहित कन्या. पाचवी ओळ शेजारच्या सहकाऱ्याने जोडली : 'भूकंपाच्या धक्क्यातही आसन न सोडणारे वादक म्हणून ते परिचित होते.' ती ओळ चूक आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी ती जाऊ दिली, कारण मूळ चूक माझीच होती आणि तिची दुरुस्ती पाचव्या ओळीत मावणारी नव्हती. आज पाच आठवड्यांनी ती इथे करतो आहे.

आमचा चौघांचा एक लहान वाद्यमेळ होता. मास्तरांचं व्हायोलिन, किसन कांबळे यांची क्लॅरिओनेट, रज्जाकभाईंचा तबला आणि मागे माझा तंबोरा. किसन गिरणीत कामाला, त्याआधी लग्नाच्या बँडमध्ये होता. रज्जाकभाईंचं मिरजेत वाद्यदुरुस्तीचं दुकान. मला तंबोऱ्याच्या चार तारा छेडण्यापलीकडे काही येत नसे, आणि मास्तरांच्या मते तेवढ्यासाठीच मला घेतलं होतं. "ज्याला काही दाखवायचं नाही असा एक माणूस मेळात लागतो," असं ते म्हणत. मेळाला नाव नव्हतं. मास्तरांचे नियम मात्र होते. कर्णा लावायचा नाही. व्यासपीठावर बसायचं नाही. चौघांना एकच सतरंजी, तिच्यावर एकमेकांकडे तोंड करून बसायचं आणि लोकांनी भोवती बसायचं. वाजवून झालं की वाद्यं लोकांच्या हातात द्यायची, पोरांनी तारा ओढून पाहायच्या, बायकांनी तबल्यावर थाप मारून हसायचं. जिथे गाण्याची बैठक कधी होत नाही तिथेच जायचं, हाही नियमच. सांगलीत हळदीच्या वखारीत वाजवलं तेव्हा व्हायोलिनवरची पिवळी धूळ आठवडाभर निघाली नाही. तासगावच्या एका शाळेत वाजवलं, फलटणकडे साखर कारखान्याच्या कामगारांच्या चाळीत वाजवलं. चहा मिळायचा, क्वचित भाकरी.

सतरंजीच्या नियमाची एकदाच परीक्षा झाली. किसनच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला होता, आणि एका गावच्या यजमानांना हे कोणीतरी आधीच कळवलं होतं. त्यांनी किसनसाठी वेगळी घोंगडी अंथरून ठेवली होती. मास्तरांनी आमची सतरंजी गुंडाळली, काखेत घेतली आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागले. यजमान मागे धावले, "आवं मास्तर, घोंगडी काढतो की." मास्तर म्हणाले, "काढा. आम्ही पुढच्या वेळी येऊ." पुढच्या वेळी खरंच गेलो, दोन महिन्यांनी. परतताना किसन म्हणाला, "मास्तर, तुमी सतरंजी लय झकास गुंडाळता." त्यावर मास्तर खूप वेळ हसत होते...

कोयनेचा भूकंप झाला त्या हिवाळ्यात मास्तरांनी पाटणकडे जायचं ठरवलं. घरं पडली होती, माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती आणि रोज एखादा लहान धक्का बसतच होता. लोक छपराखाली यायलाच तयार नसत. थंडीतही पुष्कळजण बाहेर शेकोटीशी बसत. एका वाडीत दुपारी अशाच एका शेडमध्ये आम्ही सतरंजी टाकली. पन्नासेक माणसं आली, बहुतेक बायका आणि म्हातारी माणसं, दाराजवळ दाराजवळ करून बसलेली. हौसाबाई नावाच्या एक बाई चहाचं बघत होत्या. वाजवणं सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली असतील. आधी जमिनीखालून घरघर आली, मग सगळे पत्रे एकदम खडखडले. माणसं उठून बाहेर पळाली. रज्जाकभाईंचे हात थांबले. मी तंबोरा घेऊन उभा राहिलो होतो, हे इथे नोंदवलं पाहिजे. किसनच्या तोंडात क्लॅरिओनेट होती, पण तिच्यातून आवाज येत नव्हता. मास्तर तेवढे डोळे मिटून वाजवत होते, एकटे. सूर लांबवत होते, वळवत होते, पुन्हा लांबवत होते. अर्धं मिनिट असं चाललं. मग दारातून हौसाबाई आत आल्या आणि खाली बसल्या. त्यांच्यामागून एकेक करत सगळी वाडी आत येऊन बसली, या खेपेला मधोमध, पत्र्याखाली. मी हे सगळं पाहिलं, आणि दोन दिवसांनी आमच्या अंकात बातमी आली : 'पत्रे हलले, वादक हलला नाही'. मथळा माझाच. खाली मी लिहिलं होतं की वादकाचा धीर पाहून लोक परतले आणि रात्रीही पत्र्याखालीच झोपले.

अंक निघाला त्या दुपारी मास्तर कात्रण घेऊन कार्यालयात आले. "उपसंपादक, यात एक चूक आहे," ते म्हणाले. मी पेन्सिल उचलली. "धक्का बसला ते मला कळलंच नाही." डावा कान चार वर्षांपूर्वी गेला होता, उजवा जायला लागला होता. समोर बसून बोललेलं कळे, व्हायोलिन छातीला टेकलेलं असल्यामुळे हाडातून ऐकू येई. घरघर, पत्रे, माणसांची पळापळ, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. जमीन हलली नाही का, असं मी विचारलं. म्हणाले, "वाजवताना मी स्वतःच हलत असतो. तबला थांबला, तेव्हा वाटलं रज्जाकभाईंनी मला एकट्याला जागा दिली. म्हणून लांबवत गेलो... आणि इतकी जागा त्यांनी आजवर कधी दिली नव्हती, म्हणून जरा खूषच होतो." सुरू करण्याआधी ते तंबोऱ्याच्या दांडीला कानामागचं हाड लावून डोळे मिटत. मी तो नमस्कार समजत असे. ते सूर ऐकत होते.

चुकीची बातमी दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायची, ही आमच्या कार्यालयाची रीत. तसं मी म्हणालो. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. शाळेत त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं, बहिऱ्या माणसाला संगीताच्या वर्गावर कोणी ठेवलं नसतं. पण तो मुद्दा त्यांनी दुसरा म्हणून सांगितला. पहिला असा होता : "त्या पत्र्याखाली माणसं झोपायला लागलीत. मी बहिरा होतो म्हणून बसलो, हे कळलं तर त्यांनी कशाच्या जोरावर झोपायचं? मी असेतो छापू नकोस. मी गेल्यावर मात्र नक्की छाप, खोटी कीर्ती मागे ठेवायची नाही मला." मग उठताना म्हणाले, "तू टिकशील ना तोवर?"

त्या संध्याकाळी मिरजेला रज्जाकभाईंच्या दुकानात त्यांनी उरलेल्या दोघांना सांगितलं. भोवती भोपळे, दांड्या, तारांची वेटोळी. मास्तर बोलून थांबले आणि म्हणाले, "आता तुम्ही सांगाल तसं. दुसरा व्हायोलिनवाला बघायचा तर मी शोधून देतो." आवाज सरळ होता, पण बोलताबोलता त्यांनी गज पेटीत ठेवून दिला होता. गेली चार वर्षं ते या प्रश्नाला भिऊन होते, हे तेव्हा कळलं. किसन म्हणाला, "आवं, ऐकू येत न्हाई तर दिसतंय न्हवं? थांबायचं आसलं की मी भुवया वर करीन." रज्जाकभाईंनी मला उठवून मास्तरांच्या उजव्या बाजूला बसवलं, तंबोऱ्याचा भोपळा मास्तरांच्या गुडघ्याला टेकवला आणि विचारलं, "येतंय?" मास्तरांनी डोळे मिटले. "येतंय," म्हणाले. रज्जाकभाई म्हणाले, "मग झालं. पण मास्तर, मी तबला थांबवला की दर वेळी जागाच दिली असं समजू नका." सगळे हसले, आणि मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यानंतर सव्वा वर्ष आम्ही तसंच बसून वाजवलं. बाहेर कोणाला कळलं नाही. निदान आमची तशी समजूत होती.

मास्तर गेले तेव्हा त्याच वाडीची एक तारीख त्यांनी आधीच देऊन ठेवलेली होती. तिघेच गेलो. ही दुरुस्ती त्या लोकांशी संबंधित होती, तेव्हा छापण्याआधी त्यांना सांगणं मला आवश्यक वाटलं. अजून बरीच माणसं शेडमध्येच होती. सगळी बसल्यावर मी उभा राहून सांगितलं की त्या दिवशी मास्तरांना धक्का कळला नव्हता, त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि धीराची जी गोष्ट मी छापली ती खरी नव्हे. मग हौसाबाई म्हणाल्या, "म्हंजी तुमास्नी तवा ठावं नव्हतं?"

मी म्हणालो, नव्हतं.

"आमास्नी ठावं हुतं की. वाजवायच्या आदी डाव्या अंगानं तीनदा म्हनलं, मास्तर च्या घ्या. ढिम्म. मग उजव्या अंगाला गेले, तवा कुटं वळलं." त्यानंतर आम्ही त्या वाडीत जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा हौसाबाई दर खेपेला फिरून उजवीकडून येऊन मास्तरांना कप देत. हे मी पाहिलं होतं. का, असं मात्र कधी विचारलं नव्हतं.

"मग त्या दिवशी परत आत येऊन का बसलात?"

"आता बगा," हौसाबाई म्हणाल्या, "आमी समदी भाईर. आत बगतो तर ह्यो मानूस एकलाच, डोळं मिटून वाजवतोय. त्येला काय म्हाईत न्हाई. तुमी तर दारापातुर आला हुता तंबोरा घेऊन." लोक हसले. "ऐकू न येणाऱ्या मानसाला एकलं टाकून पळायचं व्हय? म्हनलं, हुईल ते हुईल, बसू त्याच्याजवळ. बसलो तर काय बी झालं न्हाई. मग रातच्याला बी आतच झोपलो."

"मास्तरांना कधी सांगितलं नाहीत?"

"कशाला? त्यांना वाटत हुतं आमी त्यांच्या जिवावर बसलोय. वाटू दे की."

तेव्हा दुरुस्ती अशी : पत्रे हलले तेव्हा वादकाला कळलं नव्हतं, आणि लोक वादकाचा धीर पाहून नव्हे, त्याला एकटं ठेवायचं नाही म्हणून परतले. मास्तरांना ज्याची काळजी होती ते घडलंच नाही, घडू शकत नव्हतं. हे त्यांना समजलं असतं तर बरं, असं त्या दिवशी वाटलं. आता तसं फारसं वाटत नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांना सांभाळलं, आणि कोणाचंच काही बिघडलं नाही.

हौसाबाईंचं बोलणं झाल्यावर वाजवायचं होतं. सूर लावायचा तर पहिला होकार नेहमी मास्तरांचा. मी तंबोरा छेडू लागलो. मग किसन पुढे वाकला, मास्तर टेकवत तिथेच दांडीला त्याने कानामागचं हाड टेकवलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "लागलाय." त्याचे दोन्ही कान उत्तम आहेत.

गेल्या आठवड्यात तंबोरा रज्जाकभाईंच्या दुकानात होता. त्यांनी सगळ्या अंगाला नवं पॉलिश दिलं आहे, भोपळा आरशासारखा झाला आहे. दांडीवर एका जागी रुपयाएवढा भाग निस्तेज आहे, तिथलं पॉलिश मास्तरांच्या डोक्याने झिजलेलं. तेवढा भाग रज्जाकभाईंनी सोडून दिला. वाद्य ताब्यात घेताना मी तो बारकाईने पाहिला, आणि तंबोऱ्यावर गवसणी चढवली.