डावीकडच्या सीटची उशी

शिरूरहून न्हावरे मार्गे चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावर, भीमेच्या पुलाच्या अलीकडे एक गतिरोधक आहे. निवृत्त झालो तरी त्या बाजूला जाणं होतंच. तिथं वेग कमी केला की माझी नजर आपोआप मागच्या आरशात जाते. बायको विचारते, "मागं कोण आहे?" मी गिअर बदलतो. त्या गतिरोधकावर एक तरुण बाई गेली, आणि तिच्या नवऱ्यावर खुनाचा गुन्हा दाखल होता होता राहिला. त्या प्रकरणातल्या कुणाचंही नाव मी इथं लिहिणार नाही. त्या घरात एक मुलगी आहे आणि ती आता वाचायला लागली आहे.

मी तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दुपार कलल्यावर दौंडच्या बाजूच्या एका दवाखान्यातून कळवण्यात आलं की एका बाईला मृतावस्थेत आणलंय, अपघात म्हणून सांगतात, पण जागा तुमच्या हद्दीतली आहे. कागद आमच्याकडे वर्ग झाले. आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, मरणोत्तर पंचनामा झाला, शव शवविच्छेदनाला गेलं.

नवरा केडगावजवळच्या गावचा. भाजीपाला पिकवणारा, स्वतःची पांढरी पिकअप चालवणारा, तिशीतला माणूस. त्याचं म्हणणं असं, की शिरूरच्या बाजारात माल उतरवून तो कवठे येमाईला बायकोच्या माहेरी गेला, तिला घेतलं आणि घरी निघाला. गतिरोधकाला ब्रेक मारला तशी मागून कुठलीतरी गाडी धडकली. बायकोची मान एका बाजूला पडली ती पडलीच. धडक देणारी गाडी बाजूनं निघून गेली.

"कुठली गाडी होती?"

"न्हाई दिसली, साहेब."

"आरसा नाही का तुझ्या गाडीला?"

"हाय की. पर मागं भाजीची मोकळी क्रेट लावल्याली हुती, काचेच्या वरपत्तूर. आतल्या आरशात निसती क्रेटच. आन् गाडी अगदी पाठीला चिकटून आसंल तर बाजूच्या आरशात घावत न्हाई."

"बाजूनं निघून गेली तेव्हा?"

"तवा मी तिच्याकडं बघत हुतो."

उत्तर सरळ होतं, पण पोलिसाच्या कानाला ते फार सोयीचं वाटतं. त्यातच पिकअपला फारसं काही झालेलं नव्हतं. मागचा फाळका, म्हणजे माल उतरवताना खाली पाडतात ती पत्र्याची फळी, आत गेला होता, पण भाजीपाल्याच्या कुठल्या गाडीचा फाळका धड असतो? चालकाच्या अंगावर ओरखडा नाही. आणि शेजारी बसलेल्या बाईची मान मोडलेली.

वैद्यकीय अधिकाऱ्यांना मी स्वतः जाऊन विचारलं. ते म्हणाले, "मानेचा वरचा मणका गेलाय. डोक्याच्या मागं थोडी सूज आहे. अपघातात असं होऊ शकतं. कुणी जोर लावून मान मोडली तरी होऊ शकतं. नुसत्या शवावरून मी छातीवर हात ठेवून एकच काही सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईचा भाऊ कवठ्याहून दोन जीपभर माणसं घेऊन ठाण्यात आला. भाऊ उंचापुरा, गावच्या सोसायटीत वजन असलेला. रडून डोळे सुजले होते, पण आवाज चढलेला होता.

"साहेब, माझी बहीण भांडून माहेरी आली हुती. महिना व्हत आला हुता. न्यायला आला आन् वाटंतच मारली. पोरीला आज्यानं चार दिस ठेवून घेतली म्हणून ती तरी वाचली. तुम्ही त्याला मोकळा का सोडलाय?"

"भांडण कशावरून होतं?"

"ते आम्हाला कुटं सांगितलं तिनं? पर रडत आली हुती, एवढं खरं."

वरिष्ठांचे फोन सुरू झाले. स्थानिक पुढाऱ्यांचेही. ठाण्यासमोर माणसं बसून राहिली. त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. चहा निवायचा, मी उठून पुन्हा त्या पिकअपभोवती फिरायचो. ती ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली उभी होती. केबिनमध्ये डोकावलो की काहीतरी खटकायचं, पण काय ते सापडत नव्हतं. परिवहन विभागाच्या निरीक्षकाला तपासणीसाठी पत्र गेलं होतं, तो अजून आला नव्हता.

नवऱ्याला रोज चौकशीला बोलवत होतो. तो वेळेवर यायचा, सांगेल तिथं बसायचा. मात्र प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी बोलायचा. खोटं बोलणारा माणूस बहुधा रोज थोडं जास्त बोलतो, असा माझा अनुभव. हा उलटा होता. काहीतरी पोटात दाबून ठेवलंय हे स्पष्ट होतं, आणि मला ते बाहेर काढता येत नव्हतं.

आणखी एक गोष्ट नजरेला आली. एकदा हवालदारांनी त्याला मागून हाक मारली, तर त्यानं मान वळवली नाही. खुर्चीतून अख्खा फिरला, खांद्यासकट. मी विचारलं, "मान दुखते का?" तो म्हणाला, "न्हाई." पाणी पितानाही त्यानं मान वर केली नाही, ग्लासच तिरका केला. मी त्याला तपासणीसाठी पाठवलं. अहवाल आला की मानेच्या स्नायूंना ताण बसलाय, गाडीला मागून धक्का बसल्यावर बसतो तसा. म्हणजे धडक झाली होती. पण मग एकाच धडकेत याची मान नुसती आखडली आणि तिची मोडली, हे कसं?

त्याच दुपारी ठाण्यात एक फोन आला. माणसानं नाव सांगितलं नाही. "साहेब, बायकोला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या हिरीत कायतरी टाकलंय. पोत्यात बांधून, दगड घालून. म्या डोळ्यानं बघितलंय."

विहीर दौंडच्या हद्दीत. तिथल्या ठाण्याला कळवलं, दोन पंच घेतले आणि गेलो. गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. विहिरीच्या काठावर माणसांची दाटी झाली. बाईचा भाऊही आला. नवरा एका बाजूला ताठ उभा, नजर तेवढी खाली. मी विचारलं, "काय टाकलंस?" त्यानं विहिरीकडं पाठ केली.

लोखंडी गळ टाकला. दोन-तीनदा रिकामा आला. मग दोर ताणला गेला आणि पोतं वर आलं. पंचांसमोर गाठ सोडली. आत एक दगड आणि एक काळी उशी. गाडीच्या सीटवर डोक्यामागं असते ती, खाली दोन सळया असलेली. हेडरेस्ट.

मग भाऊ ओरडला, "हिच्यानंच दाबली आसंल! तोंडावर दाबली आन् मान मोडली!" गर्दी पुढं सरकली. माझ्या माणसांनी साखळी केली म्हणून नवरा लोकांच्या हाती लागला नाही. त्याला जीपमध्ये घालून ठाण्यावर आणलं.

आणल्या आणल्या मी त्या पिकअपची केबिन उघडली. आता मला काय खटकत होतं ते दिसलं. उजवीकडच्या, चालकाच्या सीटवर उशी होती. डावीकडच्या सीटवर नुसती दोन भोकं. आणि डाव्या सीटच्या मागं, काचेखालच्या पत्र्याच्या कडेला, एक बारीक पोचा.

नवऱ्याला माझ्या खोलीत बसवलं. हवालदार जबाब घ्यायला बसले. टेबलावर ओली उशी ठेवली होती. तिच्यातून पाणी गळत होतं. तो तिच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला,

"साहेब, म्याच मारली तिला."

हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही हे खरं, पण ठाण्याबाहेर बसलेल्या लोकांना तेवढं वाक्य पुरलं असतं. वरिष्ठांनाही. मी हवालदारांना हातानं थांबवलं.

"कशी मारलीस?"

"ती उशी म्या काढली."

"का काढलीस?"

त्यावर तो रडायला लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी रडू दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

महिनाभरापूर्वी अंगणात तो पिकअप मागं घेत होता. मागचा, माल भरायचा हौदा रिकामा होता. त्यानं डाव्या खांद्यावरून मागच्या काचेतून बघितलं, पण मधे शेजारच्या सीटची उशी आडवी येत होती. काचेला काळी फिल्मही लावलेली. त्याची चार वर्षांची मुलगी मागं मांजराच्या पिल्लाशी खेळत बसली होती. त्याला दिसली नाही. बायको पाण्याची घागर टाकून धावली आणि पोरीला ओढलं. चाक तिच्या चपलेवरून गेलं.

"तवा ती लई बोलली मला. म्हणाली, 'तुम्हाला मागचं दिसत न्हाई तर गाडी कशाला चालवता? आधी मागचं नीट दिसंल आसं करा, मग आम्हाला न्यायला या.' आन् पोरीला घेऊन कवठ्याला गेली. माहेरात काय सांगितलं न्हाई तिनं. माझी लाज ऱ्हावी म्हणून न्हाई सांगितलं."

"मग?"

"मग म्या फिल्म काढली. ती उशी काढून घरी ठेवली. मागं वळलं की सगळं लख्ख दिसायला लागलं. त्या दिवशी तिला न्यायला गेलो तवा गाडीत बसवून दावलं. म्हणलं, 'बघ, आता मांजर बी दिसतंय.' ती हसली, साहेब. महिन्यानं हसली. आन् तिथंच बसली. उशी न्हाई त्या सीटवर."

धडक बसली तेव्हा त्याचं डोकं उशीवर आपटलं. तिचं मागं गेलं ते अडायला काहीच नव्हतं. सीटच्या वरून मागं जाऊन पत्र्यावर आदळलं. दवाखान्यातून घरी आल्यावर कोपऱ्यात ठेवलेली उशी त्याला दिसली आणि त्याला सगळा हिशेब लागला. ती उशी घरात ठेवणं त्याला जमेना, म्हणून विहिरीत टाकली.

ऐकून विश्वास ठेवणं हे आमचं काम नाही, पडताळणं आहे. मी तसाच कवठे येमाईला गेलो. बाईचे वडील ओसरीत बसले होते. मातीहून आल्यापासून ते कुणाशी बोलले नव्हते. सगळं बोलणं मुलगाच करत होता. नात त्यांच्या मांडीवर झोपलेली.

"आबा, जावई मुलीला न्यायला आले तेव्हा तुम्ही होतात का?"

"व्हतो की. दुसरं कोण व्हतं? पोरगा रानात गेल्याला."

"काय झालं तेव्हा?"

"पावण्यांनी मागची क्रेट घटकाभर खाली उतरवली आन् गाडी दावली. मागची काच मोकळी केली म्हणाले. तिला आत बसवलं, आन् मला मागं उभं केलं. म्हणाले, 'मामा, हात हलवा.' म्या हलवला. पोरगी आतनं म्हणाली, 'आबा, दिसताय तुम्ही!'" त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "भांडून न्हाई गेली साहेब ती. हसत गेली."

त्यांचा जबाब लिहून घेतला. परिवहन विभागाच्या निरीक्षकानं गाडी तपासली आणि पत्र्याचा पोचा, सीटची उंची, फाळक्याचा आत गेलेला भाग यांवरून तेच मत दिलं. त्याला फाळक्यावर, जुन्या पोच्यांच्या वर, निळ्या रंगाचा ओरखडाही सापडला. त्या उंचीला पिकअप किंवा जीप लागत नाही, मोठा टेम्पो लागतो. मग आम्ही चौफुला, केडगाव, तळेगाव ढमढेरेपर्यंतची गॅरेजं पालथी घातली. एका गॅरेजात निळा टेम्पो उभा होता. पुढच्या लोखंडी गार्डला नवा रंग दिलेला. रंग खरवडला तर खाली पिकअपचा पांढरा निघाला.

टेम्पोचालक आढेवेढे घेणारा नव्हता. लगेच म्हणाला, "धक्का लागला हुता, साहेब. पर पुढची गाडी जाग्यावर उभी हुती, काच बी फुटली न्हाई. मला वाटलं, काय झालं नसंल. मार खावा लागंल म्हणून निघून गेलो." त्याला अटक झाली. निष्काळजीपणानं मृत्यूस कारणीभूत ठरल्याचं आणि मदत न करता पळून गेल्याचं आरोपपत्र कोर्टात गेलं.

नवऱ्याला मी बोलावून सांगितलं की तुझ्यावर काही नाही, तू घरी जा. तो जागचा हलेना. "मला काय बी कलम लागत न्हाई व्हय?" त्यानं विचारलं. सुटका झालेल्या माणसानं असं विचारलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. बाहेर आला तेव्हा सासरे नातीला घेऊन आवारात उभे होते. मागं मेहुणाही, खाली बघत. म्हाताऱ्यानं जावयाचा हात धरला आणि म्हणाला, "चला पावणं. तुम्ही दावलंत, म्या बी बरं झालं म्हणलो हुतो. आपण दोघंबी एकाच गाडीतले." मुलीनं बापाकडं हात पसरले. त्यानं तिला घेतलं, पण मान वाकवता येत नव्हती, म्हणून तो गुडघ्यावर बसला.

नोकरीत मी बरेच गुन्हेगार पाहिले. खिन्न, गप्प, नजर चुकवणारा माणूस समोर आला की आम्ही मनात अर्धं आरोपपत्र लिहून टाकतो. या प्रकरणानंतर माझा हात तिथं अडखळू लागला. स्वतःला दोष देणारा माणूस आणि गुन्हा लपवणारा माणूस खुर्चीत सारखेच बसतात, सारखेच गप्प होतात. फरक कळायला पुढचा प्रश्न विचारावा लागतो, आणि बाहेर गर्दी असली की तोच विचारायचा राहून जातो. नव्या अधिकाऱ्यांशी बोलायची वेळ आली की मी एवढंच सांगतो.

मधे एकदा केडगावला स्टेशनबाहेर तो भेटला. मुलीला शाळेतून आणायला आला होता. आम्ही चहा घेतला. पाऊसपाणी, कांद्याचं पीक असं बोलणं झालं. उठताना त्यानं अचानक विचारलं,

"साहेब, ती उशी जागेवर आसती तर ती वाचली आसती का?"

मी पेला खाली ठेवला. मग म्हणालो, "कदाचित वाचली असती."

त्यानं मान हलवली. "सगळी न्हाई न्हाई म्हणत्यात," तो म्हणाला. "तुम्ही तरी खरं बोललात." आणि शाळेच्या फाटकाकडं चालू लागला.