सासऱ्यांचा गुरुवार

आमचे सासरे निवृत्त झाले. त्यांची साप्ताहिक सुट्टी मात्र निवृत्त झाली नाही. चाकणच्या एका कारखान्यात, साचे-हत्यारं घडवणाऱ्या टूलरूममध्ये, त्यांची उभी हयात गेली आणि आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. त्यामुळे घरी बसल्यावरही बाकीचे दिवस ते इस्त्रीचा शर्ट घालून 'ड्यूटीवर' असत. ड्यूटी म्हणजे गाईला वैरण, कांद्याला पाणी आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या गाडीचा आवाज ऐकून तिचा आजार सांगणे. हौसेची कामं फक्त गुरुवारी. मी वाकडचा आयटीवाला जावई. माझ्या शनिवार-रविवारला ते सुट्टी मानायलाच तयार नसत. "हप्त्याला दोन सुट्ट्या? मग काम कवा करता, जावईबापू?"

दुसरं म्हणजे, "तयार मालावर आपला इश्वास न्हाई." फाटकाची कडी त्यांनी स्वतः बनवली होती. ती इतकी अचूक बसायची की त्यांच्याशिवाय कुणाला उघडायची नाही. लग्न ठरवायला आलो तेव्हा आमची अख्खी मंडळी फाटकाबाहेर उभी होती आणि हे आतून कौतुकाने सांगत होते, "बगा, फट हाय का कुटं?"

अशा माणसाला मी दिवाळीला एक डबा भेट दिला. घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ त्यात ठेवायचे आणि वायफायवरून टीव्हीवर बघायचे, असा तो डबा. त्यात आमच्या लग्नाचा व्हिडिओ भरला आणि टीव्ही म्हणाला, हा फॉरमॅट चालत नाही. सासूबाई पदर नीट करून समोर बसल्या होत्या. त्यांना आमचं लग्न बघायचं नव्हतं. त्या लग्नात मंगलाष्टका त्यांनी म्हटल्या होत्या. पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज खरखरीत झाला आणि त्यांनी भजनाला जाणंच सोडलं. "एकदा माजा आवाज ऐकायचा होता बगा," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

मी म्हणालो, "लॅपटॉपवर बदलून देतो, चहा होईपर्यंत." सासरे म्हणाले, "अन् फुडच्या येळी? डब्याचं काम डब्यानंच केलं पायजे." आता त्या डब्यावर चालेल असं व्हिडिओ बदलायचं तयार सॉफ्टवेअर मिळेना. म्हणजे मूळ कोड आणून डब्यावरच कंपाइल करायचा, त्यातून चालतं सॉफ्टवेअर तिथंच घडवायचं. हे ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला की जणू टूलरूम पुन्हा उघडली. सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम लिहिलेला माणूस, कोडला थोडाच भिणार! पण डब्याचा जीव केवढा? काम दिवसभर चालणार होतं. मी वाकडला परतलो आणि गुरुवारी सासरे हात मागे बांधून स्क्रीनसमोर उभे राहिले.

दुपारी वीज गेली. आली तेव्हा मी फोनवर म्हणालो, जिथं थांबलंय तिथून पुढे चालू करा. ते भडकले. "अर्धा कापल्याला जॉब पुन्ना मशिनवर चढवायचा? स्क्रॅप!" सगळं पुसून पुढच्या गुरुवारी पहिल्यापासून सुरू. पुन्हा वीज गेली. पुन्हा स्क्रॅप. असे बरेच गुरुवार गेले. मी त्यांना कंपाइल लवकर उरकायच्या युक्त्या लांबलचक मेसेजमधून पाठवत होतो. ते डब्याला मोठा पंखा बसवत होते.

शेवटी एके दिवशी, मी तिकडे गेलो असताना, तांदूळ निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "कारखाने बंद म्हनून गुरवारी लाईट घालवत्यात, हे गाईला बी ठावं हाय. सोमवारी करा की."

मी भिंतीकडे बघू लागलो. सासरे म्हणाले, "सोमवारी ड्यूटी हाय."

"मग रजा टाका. मी मंजूर करते."

सोमवारी रजा झाली आणि कंपाइलही झालं. पण टूलरूमचा नियम असा की मशीनवरचा पहिला पीस तपासणीला जातो. तो पास झाल्याशिवाय पुढचा माल काढायचा नाही. म्हणून सासऱ्यांनी फक्त मंगलाष्टकांचा तुकडा बदलला आणि इन्स्पेक्टर म्हणून सासूबाईंना खुर्चीत बसवलं. टीव्हीवर मी मुंडावळ्या बांधून घाबरलेला उभा होतो, पण माझ्याकडे बघतंय कोण! तो आवाज घरभर भरला, स्वच्छ आणि मोकळा. सासूबाई हलल्या नाहीत. सासरे खुर्चीमागे ताठ उभे होते. तुकडा संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पीस ओके?"

सासूबाईंनी डोळे पुसले. "पास हाय. पन परत एकदा तपासते." आणि त्या संध्याकाळभर तपासत राहिल्या. त्या हट्टी माणसाचा मला तेव्हा फार लळा लागला.

सासरे आता नाहीत. मी नवा, वेगवान डबा नेला होता. सासूबाईंनी तो खोक्यातून काढूही दिला नाही. जुन्यावरच संध्याकाळी त्या स्वतःचा आवाज ऐकतात. परवा आम्ही गेलो तेव्हा मुलगी म्हणाली, आजीचं गाणं लावा. मी रिमोट उचलला.

"ठिवा तो, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "आज गुरवार. आज डब्यावर त्यांचं काम असतंय."

मी रिमोट खाली ठेवला. थोड्या वेळाने वीज गेली.