नोलाचे कान आणि मर्व्हची गाडी

टिंडेरीत जुनी डिझेल गाडी विकत घ्यायला गेलं, की आधी मालक गिऱ्हाइकाला पारखून घेतो. गाडीची पारख त्यानंतर. म्हातारा मर्व्ह टकवेल तर या बाबतीत मुलीच्या बापाच्या वरताण. डोळ्यांमुळे त्याचं लायसन्स गेलं, तेव्हा त्याने आपल्या पांढऱ्या फोर व्हील ड्राइव्हला 'विकणे आहे'चा पुठ्ठा लावला, पण लावताना तोंड असं केलं होतं की कुणी विचारायला धजावू नये. तरी किनाऱ्याकडून दोघं आले. एकाने विचारलं, हिला फोन जोडता येतो का. दुसऱ्याने टायरला लाथ मारून पाहिली. मर्व्हने दोघांनाही चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं.

तिसरी आली नोला हार्टिगन. वय सहासष्ट, कमरेत किंचित वाकलेली, डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी. बावीस वर्षं ती टपालाची फेरी करत होती. मंगळवारी आणि शुक्रवारी टिंडेरीतून निघायचं, अकरा वस्त्यांवर पत्रं, औषधं, पंपाचे सुटे भाग, क्वचित खोकाभर कोंबडीची पिल्लं पोचवायची आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. तीनशे ऐंशी किलोमीटर, सगळा कच्चा रस्ता. मार्चमध्ये तिच्या आधीच्या गाडीचा खालचा सांगाडाच तडकला. टपालवाल्यांनी महिनाअखेरची मुदत दिली. गाडी आण, नाहीतर फेरी दुसऱ्याला.

"डोळे मिट," मर्व्ह म्हणाला.

नोलाने डोळे मिटले. मर्व्हने इंजिन सुरू केलं.

"काय ऐकू येतंय?"

"तिसऱ्या इंजेक्टरला खोकला आहे," नोला म्हणाली. "आणि पंख्याचा पट्टा सैल आहे."

"पट्टा मी मुद्दाम सैल ठेवलाय," मर्व्ह म्हणाला. त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. "तेल किती हजारांना बदलशील?"

"पाच."

"पुस्तकात दहा लिहिलंय."

"पुस्तक लिहिणारा आपल्या धुळीत कधी आला होता का?"

झालं, सोयरीक जमली. गाडी सहा लाख एक्केचाळीस हजार किलोमीटर धावलेली होती. मर्व्हने बॉनेट उघडून दाखवलं. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने, बारीक अक्षरात, दर वेळी तेल बदलल्याचा आकडा आणि शेजारी शेरा. 'गाळणीत पाणी.' 'नवे इंजेक्टर. ग्लॅडिस रुसली.' 'ग्लॅडिस परत आली. क्लच गेला.' अठ्ठावीस वर्षांचा संसार, बायको ग्लॅडिससकट, बॉनेटखाली मांडलेला. खाली वीतभर जागा उरली होती. "इथून पुढे तू लिहायचं," मर्व्हने बजावलं, आणि किल्ली देताना हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

पुढचे तीन रविवार गावातली माणसं चर्चमध्ये गुडघे टेकत होती आणि नोला गाडीखाली पाठ टेकत होती. ग्रीस भर, हवेची गाळणी आपटून धूळ काढ, डिझेलच्या गाळणीतलं पाणी सोड, नट आवळ. जुनी डिझेल गाडी म्हणजे जुना नवरा, असं नोलाचं मत. रोज थोडं ऐकून घेतलं की वर्षानुवर्षं कुरकुर करत नांदते. ऐकायचं सोडलं की एक दिवस रस्त्यात बसते आणि मग चारचौघांत शोभा.

इतक्यात ब्रिस्बेनहून तिचा मुलगा ग्रँट येऊन थडकला. एकेचाळीस वर्षांचा, विमा कंपनीत, धोक्याचा वास घ्यायचाच पगार मिळणारा. मनाने वाईट नाही, आईवर जीव आहे. पण जीव असलेली माणसंच जास्त छळतात. त्याने येताना म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या घरांचं एक रंगीत माहितीपत्रक आणलं होतं, त्यात पांढऱ्या केसांच्या बायका हसत हसत कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"सहा लाख एक्केचाळीस हजार!" तो गाडीभोवती फिरत म्हणाला. "आई, ही चंद्रावर जाऊन परतीच्या वाटेला लागलेली गाडी आहे."

"मग बरंच आहे. परतीची वाट तिला माहीत आहे."

"मी चेष्टा करत नाहीये."

"ते दिसतंच आहे. पाय पुसून आत ये."

ग्रँटने चार दिवस आईकडे बारीक लक्ष ठेवलं. सोमवारी तिने चहात साखर दोनदा घातली. मंगळवारी फेरीला निघताना चष्मा डोक्यावर असूनही घरभर शोधला. बुधवारी त्याला दोनदा कुत्र्याच्या नावाने हाक मारली. कुत्रा मरून सहा वर्षं झाली होती. दर वेळी ग्रँट फक्त भुवई उचलायचा. नोलाला ती भुवई बोलण्यापेक्षा जास्त बोचायची. बाई इंजिनाखाली कधी घाबरली नाही, पण आता स्वतःच्या स्वयंपाकघरात चमचा उचलतानाही दोनदा विचार करू लागली.

शेवटी गुरुवारी रात्रीच्या जेवणावर पैज लागली. शुक्रवारची फेरी ग्रँटने बरोबर बसून करायची. गाडीने जाऊन-येऊन फेरी पुरी केली, कुणाची मदत न घेता, दोरीने ओढून न आणता, तर ग्रँट माहितीपत्रक शेगडीत घालणार आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही केली, तर नाताळच्या आत नोला ब्रिस्बेनला. नोलाने खरकट्या हाताने हात मिळवला.

शुक्रवारी सकाळी गाडीने पहिले साठ किलोमीटर तक्रार न करता कापले. ग्रँटने दरवाज्यावरची कडी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. साठाव्या किलोमीटरला पॅट्सीची टपरी लागते. डिझेल, पॅटिस, चहा आणि जिल्ह्याभरच्या भानगडी तिथे एकाच खिडकीत मिळतात. नोलाने एकुलत्या एका झाडाखाली गाडी लावली, किल्ली आतच ठेवली आणि दोघं आत गेली. किल्ली आतच ठेवायची, ही आमच्याकडची रीत आहे. कुणाला अडीनडीला गाडी हलवावी लागली तर शोधत कशाला फिरायचं? आणि चोरून नेणार तरी कुठे, रस्ता तर एकच.

पॅट्सीने नोलाला धरून ठेवलं. कुणाची म्हैस नाही, कुणाचा रेडा नाही, तरी पॅट्सीकडे अर्ध्या तासाचा मजकूर असतोच. बाहेर आली तेव्हा अंगणात एकच पांढरी गाडी उभी होती, पंपाशेजारी. ग्रँट आधीच जाऊन आत बसला होता आणि घड्याळाकडे बघत होता.

"चल ना आई, उशीर होतोय."

नोला थबकली. आपण झाडाखाली लावली होती ना? पण ग्रँटची भुवई काचेतून अर्धी वर आलेली दिसली, आणि ती मुकाट्याने स्टिअरिंगमागे बसली.

बसताच तिला कळलं. सीट दोन बोटं खाली होतं. गिअरचा दांडा डाव्या हाताला अनोळखी माणसासारखा लागला. इंजिन सुरू झालं तेव्हा तिसऱ्या इंजेक्टरचा खोकला नव्हता. त्याऐवजी पुढून कुठूनतरी बारीक गुरगुर येत होती. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जायला आलं की अशी येते. नोलाला ती गुरगुर झोपेतही ओळखता आली असती. तोंडाशी आलेलं वाक्य तिने गिळलं. सीट खरंच खाली आहे, की मलाच तसं वाटतंय? तिने गाडी पिटाळली.

पंचवीस किलोमीटरवर गुरगुरीचं कण्हणं झालं, कण्हण्याची किंकाळी झाली, आणि बॉनेटच्या फटींतून वाफेचे लोट निघाले. गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. आजूबाजूला लाल माती, खुरटी झुडपं आणि एक कावळा. रेडिओची तार तुटून लोंबत होती.

ग्रँटने आधी घसा खाकरला. जिंकलेल्या माणसाला शोभेल एवढाच.

"आई, वाईट वाटून घेऊ नकोस. गाडी जुनी होती. तू तरी काय करणार?"

नोलाने खाली उतरून हाताला फडकं गुंडाळलं आणि बॉनेट उघडलं. वाफ विरली. बॉनेटची आतली बाजू कोरी होती. एक आकडा नाही, एक शेरा नाही, ग्लॅडिसचा पत्ता नाही.

"ही मर्व्हची गाडी नाही," ती म्हणाली.

ग्रँट धावत मागे गेला. मागचं झाकण उघडलं तर आत दोरखंड, खोगीर आणि तंबाखूची रिकामी पाकिटं. टपालाची एकही पिशवी नाही. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा बंद पडलेल्या गाडीपेक्षा जास्त पडला होता.

"आई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तू स्वतःची गाडी ओळखली नाहीस?"

हा घाव मात्र वर्मी बसला. नोलाने फडकं बॉनेटवर आपटलं.

"ओळखली. बसल्या बसल्या ओळखली. सीट खाली आहे हेही कळलं, पंप जातोय हेही कळलं. पॅट्सीच्या अंगणातच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मोजत होतास म्हणून!" तिचा आवाज फुटला. "साखर मोजलीस, चष्मा मोजलास, कुत्रा मोजलास. मी म्हणाले असते 'ही माझी गाडी नाही', आणि ती माझीच निघाली असती, तर? तू भुवई उचलली असतीस. चार दिवसांत तू माझा माझ्या कानांवरचा विश्वास घालवलास, ग्रँट. बावीस वर्षं या कानांवर मी एकटी या रस्त्यावर फिरले."

ग्रँटने वाफाळणाऱ्या गाडीकडे पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की आईच्या आधी त्या गाडीत जाऊन बसला होता तो. तरणाताठा, चष्मा नसलेला, घड्याळाकडे बघणारा. त्याला वेगळं काहीच जाणवलं नव्हतं. विम्याच्या भाषेत याला काय म्हणतात ते त्याला ठाऊक होतं, आणि साध्या भाषेत सांगायचं तर तो तोंडावर पडला होता.

तासाभराने समोरून धुळीचा लोट आला. लोटातून मर्व्हची गाडी निघाली आणि तिच्यातून ड्यूई. ड्यूई म्हणजे पुढच्या वस्तीवर गुरं राखणारा अठ्ठावीस वर्षांचा गडी. त्याची गाडीही मर्व्हच्या गाडीच्याच बनावटीची, तशीच पांढरी. तेल बदलायचं असतं हे त्याला कुणीतरी सांगितलं असेल तर ते त्याने ऐकलं नव्हतं.

"नोला! घाईत तुझीच घेऊन गेलो गं! झाडाखाली होती, वाटलं मीच तिथे लावली असेल," तो लांबूनच ओरडला. "काय पळते बाई! मी म्हटलं, माझी गाडी आपोआप सुधारली की काय!"

"आणि टपाल?"

"दिलं ना. चार वस्त्या वाटेतच होत्या. पिशव्या सापडल्यावर काय, टाकून देऊ? मॅकइनर्नीबाईंच्या पिल्लांना पाणीसुद्धा पाजलं." मग त्याने स्वतःच्या गाडीची वाफ पाहिली. "हिला काय झालं?"

"तू झालास," नोला म्हणाली.

उरलेल्या सात वस्त्या तिघांनी मर्व्हच्या गाडीतून उरकल्या. दाराशी बसलेला ग्रँट प्रत्येक वस्तीवर उतरून फाटक उघडत होता आणि लावत होता. परतताना ड्यूईची मेलेली गाडी टिंडेरीच्या गॅरेजात पोचवणं भागच होतं. नोलाने तिला दोरीने मर्व्हच्या गाडीमागे बांधलं. मागच्या गाडीचं स्टिअरिंग सांभाळायला कुणीतरी हवं. ड्यूईने हाताला दुखापत झाल्याचं सांगितलं. कोणत्या हाताला, ते तो टिंडेरी येईपर्यंत ठरवू शकला नाही.

म्हणून विमा कंपनीतला ग्रँट बंद गाडीत बसला. इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग दगडासारखं, ब्रेक नावापुरता. नोलाने त्याला मर्व्हच्या गाडीतला, हातात धरून बोलायचा रेडिओ दिला.

"मला काही दिसणार नाही, आई. सगळी धूळ."

"मला दिसतं. मी सांगेन तसं कर."

आणि पंच्याऐंशी किलोमीटर तो तसंच करत गेला. "डावीकडे घे." "हो आई." "दोर सैल पडतोय, ब्रेक." "हो आई." "खड्डा, हळू." "हो आई." लाल धुळीच्या भिंतीत त्याला ना रस्ता दिसत होता, ना पुढची गाडी. कानात फक्त तिचा आवाज होता, शांत, वेळेवर, एकदाही न चुकणारा. पन्नासाव्या किलोमीटरच्या सुमारास रेडिओ खरखरला.

"आई?"

"काय रे? बरा आहेस ना?"

"मी चुकलो. तू ब्रिस्बेनला ये म्हणून मी परत म्हणणार नाही. तुझ्या कानांवर मीच विश्वास ठेवायला हवा होता. सॉरी, आई."

आता, आमच्याकडे रस्त्यावरचा रेडिओ सगळ्यांचा एकच असतो, हे शहरातला माणूस विसरला होता. मग कुठल्यातरी गुरांच्या ट्रकमधून एक जाडा आवाज म्हणाला, "ऐकलं रे बाबा." एका वस्तीवरून बाईचा आवाज आला, "आम्हीही ऐकलं. अजून जरा मोठ्याने म्हण, माझी सासू बागेत आहे." पाठोपाठ पॅट्सी: "नोला, मी वेळ लिहून ठेवलीय, तीन वाजून वीस. उद्या नाही म्हणाला तर साक्षीला येते."

ड्यूई पोट धरून हसत होता. नोलाने बटण दाबलं आणि परत सोडलं. तिने टोपी खाली ओढली, बाहीने नाक पुसलं आणि पुन्हा बटण दाबलं.

"पुढे रस्त्यात गुरं अडवायची लोखंडी जाळी आहे," ती म्हणाली. "स्टिअरिंग सरळ धर, बाळा. मी आहे."