खालचा पाइप थंड

गाडी अडीच लाख किलोमीटरला टेकली होती, मान्य. पण तापण्याचं कारणच सापडू नये, इतकी काही ती म्हातारी नव्हती.

मायचा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरात होता. ते कापायला नांदेडला जायची तारीख एकदा हुकली होती. वसमतच्या पुढं तापमानाचा काटा लालात गेला, बॉनेटमधून वाफ निघाली आणि मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेल्या मायला तसंच परत आणावं लागलं. डॉक्टरांनी पुढचा गुरुवार दिला. तोवर माय प्लास्टरात खराट्याची काडी घालून खाजवायची आणि मी दिसलो की काडी लपवायची. त्याचाच जास्त राग यायचा.

एसटीत तिला चढवणं शक्य नव्हतं. शेजारचे काका म्हणाले, आमची जीप घेऊन जा. मी म्हणालो, घरची गाडी असताना कशाला? आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. बी.एस्सी., तेही फिजिक्स घेऊन. उष्णता कशी वाहते हे ज्यानं परीक्षेत लिहिलं, त्याची माय दुसऱ्याच्या जीपनं काहून जाईल?

वसमतच्या मिस्त्रीनं आधी पंखा बदलला. काटा लालातच. मग थर्मोस्टॅट बदलला, मग रेडिएटरचं झाकण. तरी तेच. शेवटी तो म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, हेड गॅस्केट गेलं असणार. मी त्याला सुनावलं. गॅस्केट गेलं असतं तर पाणी कमी झालं असतं. पाणी तर एकदा भरल्यावर थेंबभरही घटत नव्हतं. झाकण उघडलं की आत पिवळट दिसायचं. तो गंज आहे, असं मीच त्याला ठासून सांगितलं होतं.

बुधवारी सकाळी अंगणातच गाडी चालू ठेवली. काटा चढल्यावर इंजिन बंद करून रेडिएटरचे दोन्ही पाइप चाचपले. वरचा हाताला चटका देणारा, खालचा गार. म्हणजे पाणी रेडिएटरमध्ये शिरतं, पण पार होत नाही. हे पहिल्याच दिवशी करायचं होतं. गाडी निवल्यावर रेडिएटरचं खालचं बूच काढलं. पाणी आलंच नाही. तार घातली, तेव्हा पिवळा गाळ घसरून ओंजळीत पडला. वास घेतला. हा वास आमच्या भागात लेकरूसुद्धा ओळखेल.

बाबा ओट्यावर बसले होते. विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी गळून राहिलं व्हतं. दोन मुठी हळद टाकली. थांबलं बी."

"मला सांगायचं न्हाई?"

"सांगाया आलतो. तू म्हणलास, बाबा, तुमी गाडीत ध्यान घालू नका."

म्हणालो होतो. नेमके हेच शब्द. जखमेला लावायची ती रेडिएटरला लावली, त्यांचा हिशोब सरळ होता. भडकायला माणूस हवा होता, तोही राहिला नाही.

रेडिएटरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, जाळी उकळत्या पाण्यात टाकून साफ करावी लागेल, दोन दिवस लागतील. गुरुवार तर दुसऱ्या दिवशीच होता. मी मायकडं पाहिलं नाही. चप्पल घातली आणि काकांच्या दारात गेलो. जीप पाहिजे, हे मी त्यांच्या उंबऱ्याकडं बघून म्हणालो.

काकांनी विचारलं, गाडीला काय झालं. मी सांगितलं. त्यांना हसू आलं नाही, उलट नवल वाटलं.

"हळदीनं कुठं बिघडत असतं का? आमच्या जीपमंदी तीन वरसापासून हाय की."

गुरुवारी सकाळी मायला त्याच जीपमध्ये आडवं बसवलं. काका चालवत होते. मी पुढं बसून नांदेडपर्यंत काट्यावर नजर ठेवायची ठरवली होती. पण जीपचा तो काटा कधीचाच बंद पडलेला होता. मग वाफेचा वास येतोय का, एवढंच बघत बसलो.

दवाखान्यात प्लास्टर कापलं. आत खराट्याच्या काडीचे दोन तुकडे निघाले आणि कातडी सोललेली. डॉक्टर मला म्हणाले, आठवडाभर आधी यायला हवं होतं. मी म्हणालो, गाडी तापत होती. शेजारी जीप उभी होती, ते गाळलं.