भरतीला दाखवलेली जागा

फकरुद्दीनचाचांना गप्प बसवणं दर्यालाही जमलं नव्हतं, मग कोंडेबंदरच्या लोकांना कुठून जमणार? अंगात रग होती तोवर चाचा आगबोटींवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. नोकरी सोडून गावी आले, तेव्हा त्यांच्या पत्नी महेरुन्निसाबीबींना वाटलं, आता हा माणूस ओटीवर सुपारी कातरत बसेल. बिचाऱ्या! ज्यांच्या एका हाकेवर नांगर उचलले जात, ते ओटीवर किती दिवस मावणार?

गावात तेव्हा नवीच सहकारी पतपेढी निघाली होती. सभासदांनीच पैसे घालायचे, सभासदांनीच कर्ज घ्यायचं. सावकाराच्या दारात ताटकळायला नको. गावाने चाचांना चेअरमन केलं. एक तर त्यांच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती, आणि दुसरं म्हणजे इतका सरळ माणूस पंचक्रोशीत शोधून सापडला नसता.

पुढे पेढीने जमिनीचीही कामं अंगावर घेतली. कुणाला वाडी विकायची असली की पेढीने गिऱ्हाईक आणायचं, मोजणी करून द्यायची, अलिबागेला कागद करून द्यायचे; दलाली पेढीच्या पेटीत. इथे मात्र चाचांना सूर सापडला. लग्न जुळवावं तशी ते जमीन जुळवत. नारळीच्या वाडीचं असं वर्णन करत, की ऐकता ऐकता विकणाऱ्यालाच वाटावं, छे, ही कशाला विकायची! दलालीतला पैसाही ते स्वतः घेत नसत. नुसत्या बोलण्यावरच त्यांचं पोट भरे.

खाडीपलीकडे वाळूच्या पट्ट्यावर कोळीवाडा होता. तिथल्या वेणूबाईचं मासळी सुकवायचं खळं पेढीकडे तारण होतं. तिच्या नवऱ्याने, हिरामणने, मचवा दुरुस्त करायला कर्ज काढलं होतं, आणि त्या साली, एकोणीसशे एकतीसच्या सुमारास, बोंबील असे रुसले की हप्ते थकले. तेवढ्यात मुंबईचा एक कापडवाला शेठ हवेशीर बंगल्यासाठी जागा शोधत आला. चाचांनी त्याच्यापुढे त्या खळ्याचं असं गुणगान केलं, की शेठ न बघताच भाळला. "जागा तुम्हाला दाखवणार, ही माझी जबान," चाचा बोलून गेले. पेढीच्या पंचांपैकी रावजी खोत तर तेव्हाच खूश झाले. येणाऱ्या दलालीतून कचेरीवर मंगलोरी कौलं चढतील, असा त्यांचा हिशेब होता.

आणि नेमका त्याच आठवड्यात सरकारच्या सहकार खात्याचा तपासनीस आला. पोरगेला होता, पण डोक्याने पक्का. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चेअरमनसाहेब, कर्ज देणाराच तारण विकायला बसला, तर कर्ज फिटावं असं त्याला मनापासून वाटेल का?"

चाचांच्या तोंडून शब्द फुटेना. गावाने ही पहिलीच वेळ पाहिली.

तपासनीस जाताना नियम घालून गेला. जो कर्जाचा निर्णय करतो त्याने जमीन विकायची नाही. दोन्ही डगरींवर हात चालणार नाही. कुणी काय सोडायचं ते महिन्याभरात ठरवून खात्याला कळवा.

घरी आल्यावर चाचांनी आधी सरकारला, मग खात्याला, मग तपासनीसाच्या मिशीला नावं ठेवली. महेरुन्निसाबीबींनी सगळं ऐकून घेतलं आणि चहा पुढे ठेवत विचारलं, "आपण लग्न जुळवायला निघालात. पन लेकीच्या आईला विचारलंत काय?"

चाचांचा चहा बशीतच राहिला. वेणूबाईला खरंच कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला खाडी कोरडी पडली तसे ते पलीकडे गेले. कोळीवाड्यात चालत जायची वाट तेवढीच. वेणूबाई दोरीवर बोंबील टांगत होती. चाचांनी अडखळत विषय काढला. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"मना खलं इकाचं न्हाय, चाचा. हंगाम सरंपरेंत थांबा, पै न पै देतंव." मग हसली. "पन तुमी जबान दिलीव, तं दावा शेठला. फकस्त येक करा. तुमी सगल्या गिऱ्हाइकांना वटीला आनता न् वटीलाच नेता. येकदा भरतीलाही दावा की!"

चाचा चमकले. खरंच होतं ते. पायी यायचं म्हणून ते प्रत्येकाला ओहोटीला आणत, आणि पाणी चढायच्या आत परत नेत. सारी हयात दर्यावर काढलेल्या माणसाने गिऱ्हाइकांना अर्धाच दर्या दाखवला होता! लबाडी नव्हती, नुसती सवय. पण चाचांना शरमेने मान वर करवेना.

पुनवेच्या सकाळी त्यांनी शेठला आणलं. आधीच सांगून ठेवलं होतं, "शेठ, आज भरती बघितल्याशिवाय परतायचं नाही." शेठ म्हणाला, "अरे, त्यात शू छे! हवा खाऊ." पुढे पसरलेली वाळू पाहून त्याने बंगला कुठे आणि झोपाळा कुठे, हेही ठरवून टाकलं.

मग पाणी चढू लागलं. आधी झोपाळा बुडाला. मग दिवाणखाना. दुपारी लाटा खळ्याच्या अर्ध्यात आल्या तेव्हा शेठ बुटांची जोडी छातीशी धरून वरच्या अंगाला उभा होता, आणि वरच्या अंगाला बोंबलांच्या ओळीच ओळी लटकत होत्या. मागे खाडी भरलेली, होड्या सगळ्या दर्यावर. रुमाल नाकाला लावून त्याने संध्याकाळची वाट पाहिली. वेणूबाईने त्याला शहाळी दिली, बसायला पाट दिला, हवं नको विचारलं. खाडी कोरडी पडताच शेठ म्हणाला, "बाई, तुमी लोक लई चांगले. पण ही जागा दर्याची हाय, तेलाच राहू दे."

पंचांच्या सभेत रावजी खोत फणफणले. "हा गेला तर दुसरा शेठ येईल. त्याला ओहोटीला आणू! चाचा, तुम्ही खुर्ची सोडा न् जमिनी विका. तुमच्यासारखी जीभ कुणाला आहे? खुर्ची मी सांभाळतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चाचांचा जीव जमिनी दाखवण्यात होता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चाचांनाही मोह झाला. पण खुर्चीवर रावजी बसले, तर वेणूबाईला मुदत मिळणार नाही, एवढं कळायला तपासनीस लागत नव्हता.

"विकणं सोडलं," चाचा म्हणाले. "खुर्ची ठेवली. वेणूबायला हंगाम सरेपर्यंत मुदत. आणि किनाऱ्याची जागा जो कोणी दाखवील, त्याने भरतीला दाखवायची. लिहून घ्या."

बोलले ठणकावून, पण घरी येऊन न जेवता निजले.

हंगाम सरला, त्याआधी बोंबलांचा रुसवाही सरला. वेणूबाईने शेवटचा हप्ता पदरातून सोडून पेढीत ठेवला, आणि चाचांना एवढंच म्हणाली, "येत जा बसाला."

चाचा जाऊ लागले. ओहोटीला जायचं, भरती बघायची, पुढच्या ओहोटीला परतायचं. खळ्याच्या कडेला पाटावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत. "ही जागा बघितलीत? वारा बघा! समोर पाणी कसं येतं, बघा! अशी जागा श्रीवर्धनपर्यंत मिळायची नाही!"

ऐकणारा हमखास भुलायचा. "केवढ्याला देणार?"

"विकायची न्हाय!" चाचा म्हणत, आणि जन्मात कुठल्या सौद्यावर हसले नसतील इतके खूश होऊन हसत.