आमची कोठेही शाखा नाही

रिकामी जागा माझ्या डोळ्यांत खुपते. पाटीवर खाली चार बोटं पांढरी पट्टी उरली की मला वाटतं, आपण गिऱ्हाइकाच्या ताटात भाजी वाढायची विसरलो.

गाणगापुरात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. आधी ब्रश होता, आता कॉम्प्युटर आहे, पण गाव अजून मला ‘पेंटर’च म्हणतं. इथल्या पाटीवर कन्नड वर आणि मोठं असतं, कारण राज्य कर्नाटकाचं. मराठी खाली असतं, कारण दत्ताला येणारं गिऱ्हाईक महाराष्ट्राचं. कन्नड मजकूर मालक कागदावर लिहून आणतो, नीट तपासतो, एखादी वेलांटी चुकली तर भांडतो. मराठीचं आलं की म्हणतो, “ते तूच बघ.” या ‘तूच बघ’नं माझी पार वाट लावली.

माझ्याकडे भरतीच्या ओळींचा साठा आहे. ‘एकदा भेट द्या, पुन्हा पुन्हा याल’ ही त्यातली लाडकी. ती मी एकदा हाडवैद्याच्या पाटीवर टाकली. मोडका पाय घेऊन चौघांच्या खांद्यावर आलेला माणूस मान वर करून ते वाचायचा आणि त्याचा चेहरा आणखी उतरायचा. वैद्यानं मला बोलावून घेतलं. म्हणाला, “पेंटर, मी हाडं बसवतो का ढिली ठेवतो रं?” मी ती ओळ काढली. तिथं ‘लग्नकार्याच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील’ असं घातलं नाही, एवढाच काय तो माझा संयम.

ही गोष्ट मी चहाच्या गाड्यावर कितीदा तरी सांगितली आहे, आणि लोक हसले आहेत. शेंगापोळीच्या पाटीची मात्र कुणाला सांगत नाही.

मंदिराच्या रस्त्याला एका अण्णांचं शेंगापोळीचं दुकान आहे. शेंगदाण्याचा कूट आणि गूळ भरलेली ही पोळी आठ-दहा दिवस टिकते, म्हणून यात्रेकरू गठ्ठेच्या गठ्ठे बांधून नेतात. दुकानाला त्यांच्या वडिलांचं नाव आहे. अण्णा विकायचे आणि त्यांची थोरली बहीण लाटायची, असं कित्येक वर्षं चाललं होतं. अक्काचा नवरा गेला, तेव्हापासून ती माहेरीच आहे. मागल्या वर्षी अण्णांनीच तिला म्हटलं, “स्टँडकडं एक टपरी टाक की. जाता जाता लोकं घेतील. नाव आप्पाचंच लाव.” तिनं लावलं. ती छोटी पाटी मीच केली होती, हे आधीच सांगून टाकतो. नंतर ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय नको.

त्यानंतर दोन महिन्यांनी अण्णांना मोठी पाटी हवी झाली. वर कन्नड मजकूर झोकात बसला. खाली मराठीत दुकानाचं नाव, ‘शेंगापोळी, शेंगाचटणी, कडक भाकरी’ एवढं लिहून झालं, तरी तळाला लांबच लांब पट्टी उरली. मी तिच्याकडे बघत बसलो. पेढ्यांच्या, चिवड्याच्या, मिसळीच्या जुन्या नावाजलेल्या दुकानांवर मी एक ओळ नेहमी वाचत आलो होतो. तिचा रुबाब मला फार आवडायचा. ती असली की दुकान जुनं वाटतं, नक्कल करणारे मागे लागलेत असं वाटतं. मी लाल अक्षरांत ती टाकली: ‘आमची कोठेही शाखा नाही’.

त्या क्षणी मला अक्का आठवली नाही. खरं सांगतो, मला त्या ओळीचा अर्थच आठवला नाही. कपाळावर गंध लावतो तशी मी ती लावली होती.

अण्णांची शाळा चौथीत सुटली, हिंदीचं पुस्तक हातात पडून देवनागरी कळायच्या आधीच. घरात बोलतात मराठी, पण वाचता येतं ते फक्त कन्नड. अक्काचंही तसंच. पाटी चढवली तेव्हा अण्णांनी वरचं कन्नड बोट फिरवत वाचलं, खालच्या लाल रंगाकडे कौतुकानं पाहिलं आणि नारळ फोडला. “झकास केलास,” म्हणाले. मी खोबरं खात घरी गेलो.

पुढचा महिनाभर मी त्या रस्त्यानं मुद्दाम जायचो. यात्रेकरू पाटीसमोर उभे राहून फोटो काढायचे. मला वाटायचं, अक्षरं कुणाची आहेत हे त्यांना सांगावं.

एका गुरुवारी दुपारी स्टँडवर चहा प्यायला गेलो. अक्काच्या टपरीपुढे एक बाई उभ्या होत्या. पुण्याकडच्या असाव्यात. हातात पोळ्यांचा गठ्ठा घेऊन त्या उलटसुलट बघत होत्या.

“हे ओरिजिनल आहे ना?”

“म्हंजी?”

“तुमचं नाव त्या वरच्या दुकानासारखंच आहे म्हणून विचारते.”

“ते माझ्या भावाचंच दुकान हाय, ताई. तिथल्या पोळ्या बी मीच लाटती.”

बाई हसल्या, नवऱ्याकडे वळल्या. नवरा म्हणाला, “अहो मावशी, त्यांनी स्पष्ट लिहिलंय तिथं. मोठ्या लाल अक्षरात. आमची कोठेही शाखा नाही. आम्ही काय आंधळे आहोत का?”

“काय लिवलंय?” अक्कानं विचारलं.

त्यानं पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. मग मोबाईलमधला फोटोच तिच्यापुढे धरला. अक्का त्या फोटोकडे बघत राहिली. तिला त्यातलं वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत होती. बाईंनी गठ्ठा खाली ठेवला आणि दोघं बसकडे निघून गेली.

मी तिच्यापासून दहा पावलांवर होतो. पुढे होऊन “अक्का, ती माझी चूक” एवढंच म्हणायचं होतं. मी काय केलं? बसच्या वेळापत्रकाकडे तोंड केलं आणि अख्खं वाचून काढलं. मला कुठं जायचं नव्हतं, तरी अफजलपूरच्या सगळ्या गाड्या पाठ झाल्या. मग मागच्या बाजूनं सटकलो.

दुसऱ्या दिवशी तिच्या टपरीवरचा फ्लेक्स उलटा लावलेला दिसला. पांढरी बाजू बाहेर, वडिलांचं नाव आत. आणि त्याच दिवसापासून अण्णांकडे जाणाऱ्या पोळ्याही बंद झाल्या. अण्णांनी दुसरीकडून आणून ठेवल्या, त्या चामड्यासारख्या निघाल्या. गावात बोलणं सुरू झालं. टपरी चालायला लागली तशी बहिणीला शिंगं फुटली, असं कुणीसं म्हणालं. अण्णा कुणाला काहीच बोलत नव्हते. अक्काही नाही. भांडण झालं असतं तर कुणी तरी कुणाला तरी कारण विचारलं असतं, पण दोघंही एकाच बापाची, एकाच जिद्दीची. ते खरं कारण एकट्या मला ठाऊक होतं, असं मी समजत होतो.

तीन आठवडे मी गप्प बसलो. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. मग कुणाच्या तरी जावळाचा फ्लेक्स यायचा, कुणाच्या वाढदिवसाचा यायचा, आणि मी पुढाऱ्याच्या मिशा काळ्या करत बसायचो.

शेवटी मी माझ्या स्वभावाला शोभेल असा मार्ग काढला. ‘शुद्ध, ताजे व घरगुती’ असा एक लांब स्टिकर छापला, बरोबर त्या लाल ओळीच्या मापाचा. कबुली नको, क्षमा नको, चूक गुपचूप झाकून मोकळं व्हायचं. अण्णांच्या दुकानाला शिडी लावली. सांगितलं, “अण्णा, रंग उडायलाय, जरा दुरुस्ती करतो. फुकट.”

मी फुकट काम करतोय म्हटल्यावर कुणालाही संशय येईल. अण्णा गल्ल्यावरून उठून शिडीपाशी आले.

“ती ओळ कामून झाकायलास?”

“झाकत न्हाई, अण्णा. नवीन टाकतोय.”

“राहू दे ती. लोकं तीच वाचून आत येतेत.”

मी शिडीवर तसाच थांबलो. स्टिकर हाताला चिकटला.

“अण्णा, तुम्हाला ठाऊक हाय तिथं काय लिहिलंय ते?”

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. “पाटी लावल्यावर दुसऱ्याच गुरुवारी एका कोल्हापूरच्या बाईनं वाचून दाखवलं की.”

“मग मला बोलला का न्हाई?”

“बोलणार व्हतो. वाटलं, अक्काला कळायच्या आत काढून घ्यावं. मग पौर्णिमा आली. गर्दी अशी झाली की बोलू नको. वाटलं, एवढी यात्रा जाऊ दे.” त्यांनी शिडीचा पाय उगाच दाबून धरला. “मग एकेक यात्रा गेली, बघ.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण ते जे सांगत होते ते माझंच होतं, फक्त माझ्याकडे यात्रेऐवजी वाढदिवस होते.

“अक्काला जाऊन सांगा,” मी म्हणालो.

“तू सांग. लिवलास तू. तुझी चूक हाय, तुझ्या तोंडून बरी दिसंल.” मग आवाज उतरवून म्हणाले, “आणि पेंटर, मला ठाऊक व्हतं हे मात्र तिला बोलू नकोस. काय बी कर, तेवढं बोलू नकोस. आप्पा गेल्यावर तिनंच मला वाढवलंय रे.”

मी तो स्टिकर लावला, शिडी खांद्यावर घेतली आणि तसाच स्टँडकडे निघालो. शिडी घरी ठेवायला गेलो असतो तर मी परत बाहेर पडलो नसतो.

अक्का टपरीत पोळ्या लाटत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्टी कशी उरली, लाल रंग का घेतला, स्टँडवर मी कसा वेळापत्रक वाचत उभा राहिलो, तेही. तिनं लाटणं थांबवलं नाही.

“म्हंजी जागा रिकामी व्हती म्हणून लिवलास?”

“व्हय, अक्का.”

“देवाचं नाव लिवायचं नव्हतं का? माझंच नाव काढायचं सुचलं?”

“सुचलं न्हाई, अक्का. हात गेला.”

“तुझ्या हाताला आग लागली तुझ्या.” ती पोळी तव्यावर टाकून माझ्याकडे वळली. “तीन आठवडे मला वाटायलंय, आप्पाच्या नावातून मला बाहेर काढलं. शाखा न्हाई म्हंजी काय? बहीण न्हाई. असंच वाचलं मी ते.”

 शिडी अजून माझ्या खांद्यावरच होती.

“एक सांग,” ती म्हणाली. “त्याला ठाऊक व्हतं?”

तवा तापला होता, पोळी एका बाजूनं करपायला आली होती. ती उलटायची सोडून ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“न्हाई, अक्का,” मी म्हणालो. “त्यांना कुठं मराठी वाचायला येतंय?”

तिनं डोळे मिटले. मग पोळी उलटली. “तेच म्हणलं,” ती स्वतःशीच बोलली. “तेच म्हणलं मी. आमचा अण्णा तसा न्हाई. उगं तीन आठवडे त्याला उपाशी मारलं मी.” मग माझ्याकडे बघून, “बघत काय ऱ्हायलास? शिडी आणलाईस तर फ्लेक्स तेवढा सुलटा कर.”

मी केला. संध्याकाळी दोन डबे भरून पोळ्या अण्णांकडे गेल्या, आणि गावाचं बोलणं बंद झालं.

झालं ते बरंच झालं, असं कुणीही म्हणेल. भाऊ-बहीण एक झाले, टपरी चालू आहे, पोळ्या जात आहेत. अक्का लोकांना माझी गोष्ट सांगते: “पेंटर चुकला, पण शिडी घेऊन तोंडानं सांगायला आला. असा माणूस मिळत न्हाई.” ती हे सांगत असली की मी तिथून निघून जातो. लोकांना वाटतं, लाजलो.

या पावसाळ्यात तिचा फ्लेक्स फाटला. नवा करायला ती स्वतः दुकानात आली, स्टुलावर बसली. कन्नड आधीचंच ठेव म्हणाली. मराठीचं मी तिला यावेळी ‘तूच बघ’ म्हणू दिलं नाही. “अक्का, तू सांग. जसं सांगशील तसं लिहितो, अक्षर इकडचं तिकडं न्हाई.”

तिनं विचार केला. मग म्हणाली, “खाली मोठ्यानं लिव. मंदिराजवळचं दुकान आमच्या भावाचं आहे, तिथंही अवश्य जा.”

मी टाईप केलं. दोनदा वाचून दाखवलं. ती खूश होऊन गेली.

पाटी लागली त्या दिवशी अण्णा स्टँडवर होते. मी शिडीवरून उतरलो तर ते शेजारी येऊन उभे राहिले. मराठी ओळीवरून नजर फिरवत म्हणाले, “काय लिवायला लावलंय तिनं?”

मी वाचून दाखवलं.

समोर अक्का एका बाईला पोळ्या बांधून देत होती आणि हात करून मंदिराचा रस्ता दाखवत होती. अण्णांनी तिचा तो हात पाहिला. मग हळूच म्हणाले, “आता तर तिला सांगायचं कसं रे?”

“आता न्हाई सांगता येत, अण्णा,” मी म्हणालो.

ते त्यांच्या दुकानाकडे गेले, मी माझ्या. दोघांचा रस्ता एकच होता, तरी मी त्यांना पुढे जाऊ दिलं आणि मगच निघालो.