रुंद बकेट

निरगुडसरचा हा गडी आधी हसतो आणि मग बोलतो. त्याच्या छोट्या ट्रॅक्टरला मागे खोदायचा हात आहे, त्यावर तो पाइपलाइनचे चर खोदून देतो.

काम लवकर उरकावं म्हणून एकदा त्यानं त्या हाताला माती उचलायची रुंद बकेट बसवली आणि पहिला चर आमच्या शेतात घेतला. ओल्या काळ्या मातीनं भरलेली बकेट उचलताच ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत गेली. त्यानं बकेट हळूच खाली टेकवली, घाम पुसला आणि हसत सुटला.

माझी अशी फजिती झाली असती तर मी ती लपवली असती. तो मात्र ती सगळीकडे सांगत फिरतो.

पुढं हा कळंबच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला, तर तिथं शिनोलीचा एकजण तशीच रुंद बकेट मागत होता.

"पावणं, ट्रॅक्टर केवढा?" यानं विचारलं.

"बारकाच हाय."

"मग अरुंद घ्या. आमी लई हौस केली व्हती, चाकं उचलली राव!"

पाहुण्याला पटेना. तेव्हा हा स्टुलावर बसला, दोन्ही पाय वर उचलून दाखवायला गेला आणि खरोखरच मागं उलटला.

पाहुण्यानं त्याला हात देऊन उठवलं आणि दुकानदाराला म्हणाला, "अरुंदच द्या भाऊ."